नेवाडात २० एकर 'सोन्याची जमीन' ४,२०० डॉलरला. घ्यावी का?

फॉलसमचा_सातारकर

मंडळी, नमस्कार. चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज अडलं म्हणून धागा काढतोय.

आमची जमीन कोरेगाव तालुक्यात. आजोबांची पावणेतीन एकर, वडील धरून चार भाऊ, म्हणजे आमच्या वाट्याला साडेसत्तावीस गुंठे आणि विहिरीत चार आणे हिस्सा. त्या चार आण्यांवरून दोन घरांचं बोलणं बंद आहे. तेव्हा '२० एकर' असा आकडा दिसला की आमच्यासारख्याचं काळीज जरा जास्तच धडधडतं, हे समजून घ्या.

परवा रात्री एका ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जाहिरात दिसली. नेवाडा राज्य, पर्शिंग काउंटी, लव्हलॉक गावाच्या पलीकडे डोंगरात २०.६६ एकरांचा 'लोड मायनिंग क्लेम'. फोटोत जुन्या बोगद्याचं तोंड, लाकडी खांब, एक दाढीवाला आजोबा तव्यात काहीतरी चमकदार दाखवतोय. खाली लिहिलंय: कॅम्पिंग करा, केबिन बांधा, सोनं काढा, सगळं तुमचं. मालमत्ता कर नाही, वर्षाला सरकारची किरकोळ फी. किंमत ४,२०० डॉलर, हप्त्यानेही चालेल. कागद म्हणून 'क्विटक्लेम डीड' देणार.

आमच्या फॉलसमहून (कॅलिफोर्निया) गाडीने चारेक तास. सोन्याचा मोह नाही, खरंच. पोराला घेऊन महिन्यातून एकदा जावं, पत्र्याची का होईना एक खोली टाकावी, दोन झाडं लावावीत, एवढंच डोक्यात आहे. आमचं ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं.

बायकोला दाखवलं. ती मूळची महसूल खात्यातल्या माणसाची मुलगी. तिने फक्त एवढंच विचारलं, "याचा सातबारा कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. इथे कोणी असा क्लेम घेतलाय का? सातबाऱ्यासारखं काही असतं का? बोली शुक्रवारी संपते.

---

बोरिवली_फास्ट

सोनं असेल तर तो विकतोय कशाला आणि नसेल तर तुम्ही घेताय कशाला? सल्ल्याची फी विहिरीतला एक आणा.

---

मुरूम_आणि_माती

धागाकर्ते, अमेरिकेचं मला ठाऊक नाही, पण आपल्याकडे तुमच्या साडेसत्तावीस गुंठ्यांखाली जे आहे ते तुमचं नाही एवढं लक्षात ठेवा. जमीन महसूल संहितेचं कलम ४८. शेतातला मुरूम विकायचा तर आधी परवानगी, आधी रॉयल्टी. न भरता उचलला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. आमच्या चुलत्यांनी शेततळ्याचा मुरूम शेजारच्या रस्त्याच्या कामाला दिला आणि नंतर दोन वर्षं तहसीलच्या चकरा मारल्या. तिकडे सरकारी डोंगरात जाऊन खुंटी ठोकली की खनिज आपलं, हे ऐकूनच गंमत वाटते. खरंच असं आहे का? जाणकारांनी लिहावं.

---

खडकफोड्या

राजेहो, आधी थांबा. पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तरी खालचं वाचा.

मी नागपूरचा, भूशास्त्र शिकलो, पहिली नोकरी मॅंगनीजच्या खाणीवर. २००६ पासून नेवाडात आहे, सध्या एलकोला. पहिली तीन वर्षं माझं काम एकच होतं: पाठीवर लाकडी खुंट्या घेऊन डोंगर चढायचा आणि क्लेम ठोकायचे. नोव्हेंबरात, बर्फात, जीपीएस घेऊन. तेव्हा हा विषय माझ्या पाठीला अजून दुखतो.

तुमच्या पत्नींचा प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि उत्तर असं की सातबारा नाही, कारण जमीन तुम्हाला कोणी विकतच नाहीये.

नेवाडाची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. त्यातला मोठा भाग बीएलएम, म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट सांभाळतं. आपलं गायरान समजा, फक्त एकेक गायरान तालुक्याएवढं. त्यावर गुरं चरतात, लोक शिकार करतात, तंबू ठोकतात. आणि १० मे १८७२ ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केलेला एक कायदा अजून जिवंत आहे. तो म्हणतो, या जमिनीवर सोनं, चांदी, तांबं वगैरे सापडलं तर खुंट्या ठोका, सूचना लावा, नोंद करा. ते खनिज काढायचा हक्क तुमचा. परवानगी मागायची नाही, लिलाव नाही, आणि केंद्र सरकारला रॉयल्टी एक पैसा नाही. मुरूमवाले, तुम्हाला गंमत वाटली ते बरोबर आहे. मी नागपूरहून आलो तेव्हा मलाही आठवडाभर कोणीतरी आपली फिरकी घेतंय असंच वाटत होतं. तेल, वायू, कोळसा, फॉस्फेट हे १९२० ला वेगळे काढले, त्यांना भाडेपट्टा आणि रॉयल्टी लागते. साधी वाळू, खडी, दगड १९५५ ला काढले, ते सरकार विकतं. सोनं मात्र तिथेच राहिलं.

आता तुमचा २०.६६ एकर हा आकडा बघा. तो कोणी जागेवर जाऊन मोजलेला नाही. लोड म्हणजे खडकातली खनिजाची शीर. शिरेच्या लांबीला जास्तीत जास्त १,५०० फूट आणि दोन्ही अंगांना ३०० फूट, हे कायद्यातलं सर्वात मोठं माप. १,५०० गुणिले ६०० करा, एकरांत भागा, २०.६६ येतं. जाहिरातीत २०.६६ दिसलं की विकणाऱ्याने नकाशावर एक चौकट आखलीय, एवढंच कळतं. शीर आहे की नाही ते नाही कळत.

आणि सगळा कायदा त्या शिरेवर उभा आहे. खुंटी ठोकली म्हणून क्लेम वैध होत नाही, 'मौल्यवान खनिजाचा साठा' सापडलेला लागतो. मौल्यवान कशाला म्हणायचं? १८९४ च्या एका निकालात कसोटी घालून दिली: साधारण शहाण्या माणसाने आणखी घाम आणि पैसा घातला तर खाण उभी राहील अशी वाजवी आशा हवी. १९६८ ला सुप्रीम कोर्टाने त्यावर भर घातली की ते खनिज काढून, विकून, फायदाही झाला पाहिजे. त्या खटल्यातले कोलमन नावाचे गृहस्थ लॉस एंजेलिसपासून दोन तासांवरच्या राष्ट्रीय जंगलात क्वार्टझाइटचा क्लेम धरून बसले होते आणि तिथे घर बांधलं होतं. हा दगड चहूकडे ढिगाने पडलाय, तुम्हाला खरं हवंय ते काय, असा कोर्टाचा सूर होता. तुमच्या पत्र्याच्या खोलीसाठी मुद्दाम सांगतोय. खाणकामाला खरोखर गरज असल्याशिवाय आणि बीएलएमच्या होकाराशिवाय ९० दिवसांत १४ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता येत नाही. केबिन नाही, झाडं नाहीत. १९५५ नंतरच्या क्लेमवर वरच्या जमिनीचा ताबासुद्धा फक्त खाणकामापुरता. कोणी येऊन तुमच्या 'शेतात' तंबू ठोकला तर त्याला हाकलता येणार नाही.

किरकोळ फी म्हणजे सध्या क्लेममागे वर्षाला २०० डॉलर, १ सप्टेंबरच्या आत. दहा किंवा कमी क्लेम असलेल्या छोट्या माणसाला माफी मागता येते, पण मग त्या वर्षी १०० डॉलरचं काम जागेवर केल्याचं शपथपत्र लागतं. तारीख चुकली की क्लेम गेला. दंड भरून वाचत नाही, विनंती अर्ज नाही, साहेबांना भेटणं नाही.

तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल म्हणून लॉक कुटुंबाचा खटला सांगतो, १९८५ चा, सुप्रीम कोर्टाचा. याच नेवाडातलं कुटुंब, दहा क्लेम, त्यातून खडी आणि बांधकामाचा माल काढत. त्या एका वर्षाची उलाढाल १० लाख डॉलरच्या वर. १९७६ च्या कायद्यानुसार दरवर्षी एक कागद '३१ डिसेंबरपूर्वी' दाखल करायचा होता. यांनी १९८० साली तो ३१ डिसेंबरला दिला. घरच्यांनी आधी कार्यालयात विचारलं होतं आणि ३१ ला चालेल असं त्यांना सांगण्यात आलं होतं, असं त्यांचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, 'पूर्वी' म्हणजे ३०. दहाही क्लेम गेले. आणि १९५५ नंतर खडी क्लेमखाली घेता येतच नसल्यामुळे परत ठोकायचीही सोय नाही. एक दिवस!

माझ्या डोळ्यांदेखतचं सांगतो. मी ज्या छोट्या कंपनीत होतो (नाव नको), तिथे क्लेमची यादी एक्सेलमध्ये होती. एका ऑगस्टात कोणीतरी यादी वर्णक्रमाने लावताना एक पान गाळलं. बारा क्लेमचे पैसे गेले नाहीत. आम्हाला कळलं सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, डोंगरावर, कारण आमच्या खुंट्यांशेजारी दुसऱ्या कोणाच्या ताज्या पांढऱ्या खुंट्या दिसल्या. त्यांचा माणूस तिथेच जीपच्या बॉनेटवर सँडविच खात बसला होता. मलाही विचारलं, खाणार का म्हणून.

दोन मुद्दे राहिले. एक, ग्रीन कार्ड. १८७२ चा कायदा क्लेमचा हक्क देतो तो नागरिकाला किंवा नागरिक होण्याचा इरादा ज्याने रीतसर नोंदवलाय त्याला. नुसतं कार्ड खिशात असणं म्हणजे इरादा नोंदवणं नव्हे, त्याचा वेगळा फॉर्म आहे. हे कलम दिसायला साधं आहे, पण त्या काळी चिनी खाणकामगारांना नागरिक होताच येत नव्हतं, म्हणजे ते आपोआप बाहेर. आपल्या लोकांसाठीही १९२३ च्या भगतसिंग थिंड निकालाने दार लावलं ते १९४६ ला उघडलं. उलट अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीला क्लेम घेता येतो, मालक परदेशी असला तरी. असं आहे बाप्पा.

दोन, क्विटक्लेम डीड. त्याचा अर्थ 'माझा जो काही हक्क असेल तो तुला दिला'. असेलच असं तो म्हणत नाही. शून्य असेल तर तुम्हाला शून्य मिळेल, आणि कागद तरीही खरा.

जाहिरातीत क्लेमचा अनुक्रमांक असेल, आणि टाउनशिप, रेंज, सेक्शन, म्हणजे सरकारी मोजणीतले जागा ओळखायचे आकडे. ते इथे टाका.

---

फॉलसमचा_सातारकर

खडकफोड्या काका (काका म्हटलं तर चालेल ना?), एवढं लिहिलंत, आभार कसे मानू कळत नाही. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सँडविचवाल्याचा नंबर घे, तो माणूस कामाचा आहे.

अनुक्रमांक जाहिरातीत नव्हता. विकणाऱ्याला मेसेज करून मागितला, तर आधी म्हणाला डीडवर असेल, मग दोन तासांनी दिला. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. सेक्शन १९ आहे.

एक शंका. मग हा हक्क कधीच पक्का होत नाही का? म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी काढलं त्यांच्याकडेही जमीन कधीच आली नाही?

---

डिचोलीकर

खडकफोड्या, तुमचा १८७२ चा कायदा वाचताना मला आमचा गोवा दिसत होता.

पोर्तुगिजांचा १९०६ चा खाण कायदा बराचसा याच जातीचा. खनिज सापडलं की शोधाची नोंद करायची, मग सनद मिळायची, आणि सनद कायमची. बापाकडून पोराकडे. गोवा मुक्त झाला १९६१ ला, पण या सनदा तशाच चालू. १९८७ ला संसदेने कायदा करून त्या मोडल्या आणि भाडेपट्टे केले, तेही मागच्या तारखेपासून, २० डिसेंबर १९६१ पासून. त्यावर कोर्टात किती वर्षं गेली ते विचारू नका.

मग एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सगळे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते, त्यानंतर काढलेला माल बेकायदा. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. सरकारने परत ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, ते फेब्रुवारी २०१८ ला कोर्टाने रद्द केलं आणि १६ मार्चपासून काम बंद. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात पहिल्यांदा लिलाव झाले. सापडलं त्याचं, हा नियम जाऊन जास्त बोली त्याचं, इथवर यायला आम्हाला एकशे सोळा वर्षं लागली.

आमच्या बाबांचे दोन टिपर होते, दुसरा २०११ ला कर्जावर घेतलेला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा त्याचे चौदाच हप्ते फिटले होते. गाडी अंगणात उभी. पहिल्या पावसात टपावर शेवाळ धरलं, दुसऱ्या पावसात मांजरीने आत पिल्लं घातली. पण एक सांगतो, खाणी बंद झाल्यावर आमच्या विहिरीचं पाणी वर आलं आणि भाताच्या खाचरात येणारा तांबडा गाळ थांबला. बाबा सकाळी टिपरकडे बघून शिव्या घालायचे आणि दुपारी विहिरीकडे बघून गप्प बसायचे. तुमच्या नेवाडात पाण्याचं काय होतं?

---

ट्रकीकाठची

पाण्याचं मी सांगते. मी रिनोला राहते, व्यवसायाने या क्षेत्रातली नाही, पण एका जागेच्या सुनावण्यांना आवर्जून जायचे.

थॅकर पास. विनेमकाच्या उत्तरेला, लिथियमची खाण. पैयूट लोक त्या जागेला 'पीही मुहू' म्हणतात, त्यांचे पूर्वज तिथे मारले गेलेत. जानेवारी २०२१ ला बीएलएमने मंजुरी दिली. भांडण बऱ्याच गोष्टींवर होतं: पाणी, सेज ग्राउस पक्षी, आदिवासींशी नीट बोलणं झालं की नाही. पण मला सगळ्यात विचित्र वाटला तो मुद्दा म्हणजे टाकाऊ दगडाचा ढीग. खड्डा जिथे आहे तिथे खनिज आहे, मान्य. पण काढलेला निरुपयोगी दगड ज्या जमिनीवर टाकायचा, तिथेही क्लेमच ठोकलेले. तिथे खनिज असेल तर त्यावर ढीग का घालताय, आणि नसेल तर क्लेम वैध कसा? ॲरिझोनातल्या रोझमाँट तांब्याच्या खाणीच्या बाबतीत २०२२ ला नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने नेमकं हेच विचारलं आणि खाणीची मंजुरी टिकली नाही. थॅकर पासच्या न्यायाधीशांनी २०२३ ला बीएलएमला एवढं तपासून या म्हणून सांगितलं, पण मंजुरी रद्द केली नाही. काम सुरू झालं.

काका, तुमच्या खुंट्यांची गोष्ट वाचायला छान आहे. पण केंद्राला शून्य रॉयल्टी देऊन दीडशे वर्षं माल नेला आणि मागे उघडे बोगदे ठेवले, हेही याच कायद्याचं काम. आम्ही मुलांना घेऊन फिरायला जातो तेव्हा मी पायाखाली बघत चालते.

---

खडकफोड्या

सातारकर, काका चालेल. केस तसे झालेच आहेत.

ताई, तुमच्याशी भांडायला माझ्याकडे काही नाही. एवढंच जोडतो की केंद्राला शून्य असलं तरी नेवाडा राज्य खाणींच्या निव्वळ उत्पन्नावर कर घेतं आणि २०२१ पासून मोठ्या सोन्या-चांदीच्या खाणींच्या ढोबळ उत्पन्नावरही थोडा. आणि आता पाच एकरांपर्यंतच्या शोधकामालाही आधी बीएलएमला नोटीस द्यावी लागते, त्यापुढे पूर्ण आराखडा, आणि दोन्हीला जमीन पूर्ववत करण्याची हमी रक्कम. उघडे बोगदे बहुतेक त्याआधीचे. पण उघडे आहेत हे खरंच. डिचोलीकर, पाण्याचं गणित इथे उलटं आहे. खाणी भूजलाच्या खाली खोल जातात, कोरडं राहण्यासाठी वर्षानुवर्षं पाणी उपसतात. तुमच्या विहिरीचं पाणी वर आलं ते वाचून बरं वाटलं. टिपरचं वाचून नाही.

आता सातबाऱ्याचं. तो होता, त्याचं नाव पेटंट. शीर सिद्ध करा, ५०० डॉलरचं काम दाखवा, मोजणी करून घ्या, आणि लोड क्लेमची जमीन एकरी ५ डॉलर, नदीच्या वाळूतल्या सोन्याची म्हणजे प्लेसरची एकरी अडीच डॉलर देऊन कायमची तुमची. हा दर १८७२ चा आणि तो कधीही वाढला नाही. माझ्या घरापासून तास-दीड तासावर गोल्डस्ट्राइक खाण आहे. १९९४ च्या मे महिन्यात तिथली सुमारे १,९५० एकर जमीन कंपनीला १० हजार डॉलरहून कमी पैशांत द्यावी लागली. खाली अंदाजे १० अब्ज डॉलरचं सोनं. सही करणारे, सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या इंटिरिअर खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट स्वतः या कायद्याच्या विरोधात, पण कोर्टाचा आदेश होता. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून काँग्रेसने नवे पेटंट अर्ज थांबवले, आणि ती बंदी दरवर्षीच्या अर्थसंकल्पात पुढे ढकलत अजून चालू आहे. म्हणजे दार लावलंय, कुलूप मात्र दरवर्षी नवं घालतात. तुमच्या शंकेचं उत्तर: ज्यांनी तेव्हा केलं त्यांच्याकडे आहे. आज तुम्हाला नाही.

बरं, तुमचा अनुक्रमांक मी एमएलआरएसवर, म्हणजे बीएलएमच्या नोंदींच्या साइटवर टाकून पाहिला. ही साइट कोणालाही फुकट बघता येते, कोणीही क्लेम घेण्याआधी बघावीच. तुमच्या क्लेमचा शेरा: बंद. फी भरलेली नाही म्हणून. तो माणूस तुम्हाला मेलेली म्हैस विकत होता.

आणि ती म्हैससुद्धा बहुधा कधी जन्मली नव्हती. तुम्ही सेक्शन १९ म्हणालात तेव्हाच माझ्या डोक्यात खुटखुट झाली. लव्हलॉकवरून रेल्वे जाते. १८६० च्या दशकात सरकारने ती बांधणाऱ्या कंपनीला रुळाच्या दोन्ही बाजूंना २० मैलांपर्यंत विषम आकड्यांचे सेक्शन दिले, सम आपल्याकडे ठेवले. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. या पट्ट्यात विषम आकडा आला की आधी मास्टर टायटल प्लॅट, म्हणजे कोणती जमीन कोणाची ते दाखवणारा सरकारी नकाशा उघडायचा. उघडला. त्या सेक्शनचा बराचसा भाग खाजगी आहे. तुमच्या चौकटीतली साधारण तीन चतुर्थांश जमीन दुसऱ्याच्या मालकीची, उरलेल्या सरकारी तुकड्यावर एका कंपनीचे चालू क्लेम, फी वेळेवर भरलेले.

तरीही खरंच क्लेम हवा असेल तर विकत घेऊ नका. नागरिक व्हा, मोकळी जागा शोधा, स्वतः ठोका. बीएलएमची फी अडीचशे-तीनशे डॉलर, काउंटीची वेगळी, ९० दिवसांत दोन्हीकडे नोंद. चार हजार वाचतील. खुंट्या माझ्याकडे पडून आहेत.

---

बोरिवली_फास्ट

मेलेली म्हैस, तीही न जन्मलेली. धागा वाचनखुणांत साठवला आहे. माझा एक आणा माफ.

---

फॉलसमचा_सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बोली लावली नाही. विकणाऱ्याला एमएलआरएसचा स्क्रीनशॉट पाठवला, तर त्याने "तुमची आवड संपली असं समजतो" असं उत्तर देऊन जाहिरात काढली. आज सकाळी तीच जाहिरात, तोच दाढीवाला आजोबा, वेगळ्या काउंटीच्या नावाने परत लागली आहे. साइटकडे तक्रार केली, बघू.

पण शनिवारी आम्ही जाऊन आलो. हॉटेलचं आगाऊ आरक्षण झालेलं होतं, आणि पोराला मी आधीच सांगून बसलो होतो. काकांनी फोनवर रस्ता सांगितला. डॉनर पास ओलांडला की झाडं विरळ होत जातात आणि रिनोच्या पुढे तर संपतातच. लव्हलॉकनंतर नऊ मैल कच्चा रस्ता. खाजगी सेक्शनच्या आत गेलो नाही, सरकारी बाजूने नकाशा बघत बघत त्या तुकड्याच्या कडेपर्यंत गेलो.

बोगदा फोटोतल्यासारखाच होता, फक्त तोंडावर जाळी आणि धोक्याची पाटी. ताई, तुमची आठवण झाली, पोराचा हात सोडला नाही. सेजच्या झुडपांचा वास आपल्या ओव्याच्या जवळपास जातो, कुणाला पटेल न पटेल. जमीन बघितली. आमच्याकडे एवढं खडकाळ रान फुकट दिलं तरी कोणी कुळव धरणार नाही. तरी मी वाकून माती हातात घेतलीच. बायको गाडीला टेकून बघत होती, काही बोलली नाही.

एक पांढरा प्लॅस्टिकचा पाइप उभा होता, माझ्या छातीएवढा, वरचं तोंड उघडं. काकांनी सांगून ठेवलं होतं. पूर्वी क्लेमच्या खुणा म्हणून असे पाइप नेवाडाभर रोवले, आणि घरट्यासाठी भोक शोधणारे पक्षी आत उतरतात ते परत वर येऊ शकत नाहीत, आतून गुळगुळीत असतं म्हणून. नोव्हेंबर २०११ पासून असा उघडा पाइप कोणीही उपटून तिथेच आडवा ठेवू शकतो, कायद्यानेच मुभा दिली आहे. नेमका कोणाच्या हद्दीत आहे ते काकांना फोटो आणि जीपीएस पाठवून आधी विचारलं. "सरकारी बाजू आहे, मेलेल्या क्लेमचा आहे, काढा," म्हणाले.

हलवला तर सहज निघाला. आडवा करताना आतून आधी एक औषधाची बाटली बाहेर पडली, त्यात घडी घातलेला कागद, शाई पूर्ण उडालेली. मग पिसं. निळी, वाळलेली, मूठभर, आणि त्यांच्यात बारीक हाडं. पोराने मोजायचा प्रयत्न केला. पाच चोची सापडल्या.

कागद परत बाटलीत घातला, बाटली पाइपात, पाइप होता तिथेच आडवा ठेवला. पोराला पांढऱ्या गारेचा एक खडा खिशात घालायचा होता. तो कोणाच्या चालू क्लेमवरचा असेल तर, म्हणून तोही ठेवायला लावला. ऐकलं, पण कुरकुर करत. परत येताना लव्हलॉकच्या पेट्रोल पंपावर त्याला चॉकलेट घेऊन दिलं.

काका, नागरिकत्वाचा अर्ज करायला मला अजून चार वर्षं आहेत. खुंट्या तोवर राहू द्या.